अकरा नंबर गेल्यावरचा हाफ

मला तिच्या भूकंपाचासुद्धा हेवा वाटायचा. घ्या, सांगून टाकलं एकदाचं. लातूरच्या आमच्या घरात त्या पहाटे मांडणीवरची भांडी खाली आली आणि भिंतीला एक चीर गेली. तीही कॅलेंडर लावलं की झाकली जाईल एवढीच. तिचं किल्लारीजवळचं अख्खं गाव बसलं, थोरला भाऊ त्यात गेला. पुढं काही वर्षांनी ती आमच्या शाळेत आली तेव्हा मला काय दिसलं? की बाई तिच्याशी हळू आवाजात बोलतात. की तिच्या अंगात मदतीतून आलेला परदेशी स्वेटर आहे, निळा, कोपरांवर चामडं लावलेला. की तिला उशीर झाला तरी शिपाईमामा फाटक उघडतात. मला कधी उघडलं नाही कुणी. आमचा भूकंपच मेला हलका निघाला!

तरीही मी ते सगळं सोसलं असतं. पण ती हॉकी खेळायला आली, आणि तिथं माझा तोल गेला.

शाळेच्या मुलींच्या संघात मी नऊ नंबर होते, म्हणजे मधली फॉरवर्ड. फॉरवर्डनं गोल मारायचे असतात आणि आमच्यात गोल मीच मारायची. मैदान मुरमाचं, पडलं की गुडघा सोलून निघायचा, आणि प्रत्येक खपलीचा मला तोरा होता. तिला अकरा नंबर दिला, डावीकडची जागा. स्टिक शाळेची, मूठ उसवलेली. गोल मारायचं तर ती नावच घेत नसे. चेंडू घेऊन दोघीतिघींना चकवायची, गोलासमोरच्या त्या अर्धगोल रेषेपर्यंत, डीपर्यंत यायची आणि ऐनवेळी दुसरीला ढकलून द्यायची. ‘भित्री आहे,’ मी सगळ्यांना सांगायची.

आणि हाफ झाला की ती पळायची. मॅच कसलीही असो, मधल्या सुट्टीची शिट्टी झाली की स्टिक ठेवून, दप्तर उचलून ही एसटी स्टँडकडं. किल्लारीकडची शेवटची सोयीची गाडी तीच होती. भूकंपापासून तिची आई छताखाली बसत नव्हती. सरकारनं बांधून दिलेलं नवं घर होतं, पण लेक परत येईपर्यंत बाई थंडीवाऱ्यात बाहेर उघड्यावर बसून राहायची. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्यातही तिचा नखराच दिसायचा.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत ती माझ्या मागं यायची आणि कानाशी विचारायची, "काल शेवट काय झालं गं? सांग की."

"थांबायचं होतं, कळलं असतं," मी म्हणायची.

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला एक अट घातली होती. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. परभणी-बीडपासून पोरं येऊन खोल्या करून राहायची, खानावळीत जेवायची आणि डॉक्टर व्हायची स्वप्नं बघायची. अण्णा म्हणाले, "विभागाच्या संघात आलीस तर दहावीनंतरही खेळ. मी आडवा येणार नाही. नाही आलीस तर स्टिक माळ्यावर, आणि तू क्लासला." म्हणजे माझं सगळं खेळणं त्या एका निवडीवर टांगलेलं. लातूरच्या शाळांतून एकच फॉरवर्ड नांदेडच्या शिबिराला घेणार होते आणि शिबिरातून संघ निवडणार होते. एकच. मी किंवा ती.

आम्हाला शिकवायला जे सर यायचे ते मुळात हॉकीचे नव्हतेच. त्यांचा भौतिकशास्त्राचा क्लास होता, त्यांच्या क्लासला जागा मिळावी म्हणून लोक वशिला लावायचे. तरुणपणी नांदेडला खेळलेले, म्हणून हौसेनं संध्याकाळी यायचे. पण क्लासची खोड जाते का? पेपर तपासावा तसा ते खेळ तपासायचे. शर्टाच्या खिशात मूठभर चिंचोके. चेंडू समोरच्यांच्या डीत शिरला की एक चिंचोका पँटच्या उजव्या खिशात. आमच्या डीत शिरला की एक डाव्या. हाफ झाला की बाकावर दोन ढीग ओतायचे आणि बघत बसायचे. आम्ही हसून हसून मरायचो.

"सर, गोल मोजा की, चिंचोके काय मोजता?" मी एकदा विचारलंच.

"गोल हे मार्क झाले गं," ते म्हणाले. "मार्क नशिबानं पण पडतात. चार पर्यायांत डोळे झाकून बोट ठेवलं तरी एखादं बरोबर येतं. मला बघायचंय की पोरगी मैदानावर असताना खेळ कुणाच्या डीत चालतो. ते नशिबानं होत नाही."

तोपर्यंत मजा होती. मग एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि बाकावर कितीतरी मॅचचे चिंचोके वेगवेगळे मांडून दाखवले. पहिल्या हाफचा उजवा ढीग भरलेला. दुसऱ्या हाफचा डावा.

"पहिल्या हाफात काय असतं जे दुसऱ्यात नसतं?" सरांनी विचारलं.

सगळ्यांना कळलं होतं. ती तर तेव्हा एसटीत बसून अर्ध्या वाटेत पोचलेली असणार.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हणाले, "दुसऱ्या हाफात आम्ही दमतो सर. ती दमायच्या आधीच पळती. अर्धी मॅच खेळून शाणी."

"बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांचं हेच वाईट होतं, तुम्ही भांडायला जावं आणि त्यांनी म्हणावं बरोबर आहे. "शंका बरोबर आहे. मग तपासू. उद्यापासून पहिल्या हाफात तू बस. ती तुझ्याशिवाय खेळेल."

मला आनंदच झाला. मी नसले की गोल कोण मारणार? आता फजिती बघा म्हटलं. मी स्टिक मांडीवर घेऊन रेषेबाहेर बसले आणि चेंडू तिच्याकडं गेला की मनात म्हणायची, पड, घसर, चूक. देवाला नारळ बोलायचाच काय तो राहिला होता. आणि सरांचा हात आपला उजव्या खिशाकडं, पुन्हा उजव्या खिशाकडं. माझ्या जागी एक सातवीतली काडी पोरगी खेळत होती. त्या काडीनंसुद्धा गोल मारले.

पुढच्या मॅचला तसंच. त्याच्या पुढच्यालाही तसंच. मग सरांनी तीन ढीग केले. दोघी असताना, ती एकटी असताना, मी एकटी असताना. मी माझ्या ढिगाकडं बघितलंच नाही. पोरींनी बघितलं. आमची गोलकीपर म्हणाली, "म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या होत्या होय सगळ्या!" आणि सगळ्या खिदळल्या. सरांनी तिला दटावलं, पण खोटं आहे असं काही म्हणाले नाहीत.

वरून मला बाजूला घेऊन म्हणतात, "बेटा, तू तीन वर्षं खेळतीयस, ती एक वर्ष. तुझी रेघ आता सपाट चाललीय. तिची अजून वर चढतीय. आज कोण किती आहे यापेक्षा पुढं कोण कुठं जाईल ते बघावं लागतं." नाचता येईना अंगण वाकडं, एवढं तरी म्हणाले असते तर मी भांडले असते. खरं बोलणाऱ्याशी काय भांडणार! घरी येऊन मी कॅलेंडर बाजूला केलं आणि त्या चिरेत नख घालून उगाच चुना पाडत बसले.

निवडीच्या मॅचला आम्ही नांदेडला गेलो. तिची आई बरोबर आली होती, नाहीतर लेकीला पूर्ण मॅच खेळताच आली नसती. आमची सोय एका शाळेत केली होती. सगळ्या पोरी वर्गात झोपल्या, ती आईबरोबर बाहेर पटांगणात, एका गोधडीत दोघी. मी खिडकीतून बघत होते. माझी आई आली नव्हती. तिला वाटायचं, हॉकी म्हणजे पोरीचे पाय काळे करायचा धंदा. मला त्या गोधडीचाही हेवा वाटला. आता हसा.

सकाळी मॅच झाली. नांदेडच्या पोरी तयार होत्या, त्यांच्याकडं हॉकी घराघरांत. पहिला हाफ कोरा गेला. शिट्टी झाली आणि मी पाहिलं, अकरा नंबरचा हात सवयीनं दप्तराकडं गेला. मग तिच्या ध्यानात आलं की आज जायचं नाही. ती तशीच उभी राहून हसली, एखाद्या पोरानं पहिल्यांदा जत्रा बघावी तशी. दुसरा हाफ म्हणजे काय असतो ते तिनं पाहिलंच नव्हतं.

त्या हाफात तिनं जे केलं ते मी परत बघितलं नाही. दोन वेळा ती एकटी डीत शिरली, दोन वेळा गोल समोर उघडा होता, आणि दोन्ही वेळा तिनं चेंडू मला दिला. मी फक्त स्टिक लावली. दोन गोल. पाटीवर माझा नंबर.

निवड करणाऱ्यांच्या टेबलाशी आमचे सर गेले आणि त्यांनी खिसे उलटे केले. त्यांनी बरंच समजावलं, अकराच्या भोवती खेळ कसा फिरतो, ती नसली की काय होतं. एक जण चिंचोका चिमटीत धरून म्हणाला, "सर, हे सारीपाटाला ठेवा. गोल कुणाचे?" गोल नऊ नंबरचे होते. मी निवडले गेले.

परतीच्या एसटीत मी तिच्या शेजारी जाऊन बसले. माझ्याच्यानं राहवेना. "तू का नाही मारलास गं? मला भीक घातलीस काय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू हिला एवढं साधं कसं कळत न्हाई. "तू मोकळी होतीस. मोकळी असंल तिला द्यायचा." मग खिडकीला डोकं टेकवून म्हणाली, "दुसरा हाफ लई भारी असतो गं. तुला रोज मिळतो."

उपकार केले असते तर मी तिला सुखानं शिव्या दिल्या असत्या. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

नांदेडच्या शिबिरात माझं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबण लावण्यासारखं काही नाहीच. मी मोकळी उभी राहायची आणि चेंडू यायचा नाही. डावीकडं जी होती ती स्वतःच मारायची, आठवड्यातून एखादा लागायचा. स्वतःहून चेंडू घेऊन डीत शिरावं, तर मला ते येत नव्हतं. तीन वर्षांत कधी लागलंच नव्हतं. शेवटी नावं वाचली, त्यात माझं नव्हतं. अण्णा घ्यायला आले होते. त्यांनी एसटीत मला केळी घेऊन दिली. मला कळलं, क्लासचे पैसे भरून झालेत.

क्लास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी मैदानावर गेले, शेवटची मॅच म्हणून. ती धावतच आली. "काय झालं? शेवट सांग की!"

का कोण जाणे, मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. कोण डावीकडं होती, चेंडू कसा आला नाही, नाव कसं वाचलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि चुकचुकली. "मोकळीला देत न्हाई म्हणजे काय! मग तुझा काय दोष?"

ती मला त्या क्षणी जेवढी नकोशी झाली तेवढी कधीच झाली नव्हती. आणि त्याच वेळी वाटत होतं, हिनं आज तरी जाऊ नये.

पहिल्या हाफात आम्ही दोघी खेळलो. सरांचा उजवा खिसा फुगला. शिट्टी झाली, तिनं दप्तर उचललं. "थांब की आज!" मी ओरडले. ती थबकली, स्टँडच्या दिशेनं बघितलं, हात हलवला. "आई बसली असंल बाहेर. उद्या सांग, काय झालं ते!" आणि पळाली.

दुसरा हाफ सुरू झाला. कुणी देईना तेव्हा मी स्वतःच चेंडू काढून घेतला, डाव्या अंगानं, ती जायची तशी. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, पाय कुठं पडत होते देव जाणे. डीत शिरले आणि मारला. गोल झाला. कुणाच्या पिठावर नाही, माझा स्वतःचा. मी सरांकडं बघितलं. ते चिंचोका हातात घेऊन तसेच उभे होते, खिशात टाकायचा विसरून.

दुसऱ्या दिवशी तिला शेवट सांगायला मी प्रार्थनेच्या रांगेत नव्हते, सरांच्याच क्लासमध्ये तिसऱ्या बाकावर बसले होते. पुढच्या वर्षी निवड करणारे बदलले. तिला क्रीडा वसतिगृहात घेतलं. तिची आई पहिले काही महिने तिथं पटांगणात राहिली, मग हळूहळू आत झोपायला लागली असं ऐकलं. मग एक दिवस पेपरात राज्याच्या संघाचा फोटो आला. खालच्या रांगेत डावीकडून पहिली, अकरा नंबर. मी तो फोटो नीट घडी घालून ठेवला नाही की फाडलाही नाही, त्यावर शेंगा सोलल्या.

अजूनही जळते मी तिच्यावर. पण जगात एकच माणूस आहे ज्याला त्या गोलाची किंमत कळली असती, आणि ती तेव्हा एसटीत होती.