कर्ण्याचं दुसरं वाक्य

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. नोंदी मात्र चोख ठेवायचा. ‘पाती बारा, पैकी बोथट तीन’ असं वहीत लिहायचा. याहून स्वच्छ भाषा त्याच्याकडून आयुष्यात कधी निघाली नाही. कारण समोर चार माणसं बसलेली दिसली की त्याच्या अंगात यायचं. कुणाची निवृत्ती असो, शोकसभा असो, नवं यंत्र येवो, ‘दोन शब्द’ त्याचेच. कामगार त्याला कर्णा म्हणत. लाउडस्पीकरला निदान बटण असतं, असंही म्हणत.

गोंदखात्यातला एक म्हातारा वारला, तेव्हा तो जीवनसरिता, पैलतीर आणि मावळतीचं तांबडं यांवर पस्तीस मिनिटं बोलला. म्हाताऱ्याचं नाव घ्यायचं राहून गेलं. पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्याच्या बायकोनं निघताना विचारलं, “आमच्या ह्यांच्याबद्दल कधी बोलणार होते?” तरी टाळ्या पडल्याच होत्या. न कळलेल्या गोष्टीला माणसं जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवतात. ह्या टाळ्यांवर तो वीस वर्षं पोसला. कामगारांचा प्रतिनिधीही तोच, कारण दुसरं कुणी उठून बोलायला तयार नसे.

कारखान्यात सभेची एक जुनी रीत होती. मॅनेजर ठराव वाचणार, प्रतिनिधी बोलणार; मग टाळ्या पडल्या तर ठराव मंजूर, शांतता राहिली तर नामंजूर. हात मोजायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत.

त्या वेळी ठराव होता पहाटेची बस बंद करण्याचा. पुलापलीकडच्या वस्तीतून बारा जणी त्या बसनं सहाच्या पाळीला येत. त्यांतली एक त्याची मेव्हणी. तिचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून पाठ मोडून बसलेला. घर तिच्या दोन हातांवर. आदल्या दिवशी ती बहिणीकडे आली.

“भावजी, उद्या एवढंच बोला. बस बंद झाली तर आम्ही बारा जणी सहाला पोचू शकत नाही. आणि खाली बसा. टाळी कुणी वाजवायची नाही, सगळ्यांना सांगून ठेवलंय.”

“एवढंच?” बनियनवर लग्नाला जा म्हटल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

“एवढंच,” बायको आतून म्हणाली. “दुसरं वाक्य तोंडात आलं तर गिळा.”

सभेत तो उभा राहिला आणि, आश्चर्य म्हणजे, ते वाक्य जसंच्या तसं बोलला. दोनशे माणसं गप्प. डब्याची झाकणंसुद्धा वाजेनात. ती शांतता म्हणजेच बस होती. त्यानं फक्त खाली बसायचं होतं.

पण आपल्या बोलण्यानंतरची शांतता त्यानं कधी ऐकलीच नव्हती. त्याला वाटलं, आपण पडलो. त्यानं घसा साफ केला.

“मित्रहो, चाक! चाक म्हणजे काय?”

चाकावरून तो गतीवर गेला, गतीवरून काळावर, काळावरून उद्याच्या सूर्यावर. मेव्हणी खुणा करत होती. त्याला ती दाद वाटली. लोक दात आवळून गप्पच. त्याला घाम फुटला. शेवटी त्यानं उजवा हात उंच उभारला आणि थांबला. वीस वर्षं ह्या हाताखाली टाळ्या पडत आल्या होत्या. मागच्या रांगेत पेंगणारा एक जण दचकून जागा झाला, हात दिसला, आणि त्यानं सवयीनं टाळी वाजवली. शेजाऱ्यानं वाजवली. मग सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

“अहो, नका! थांबा!” मेव्हणी उभी राहून ओरडली. टाळ्यांत कोण ऐकतंय?

मॅनेजरनं पेनाला टोपण लावलं. “ठराव मंजूर.”

आणि हा गृहस्थ चारी दिशांना वाकून नमस्कार करत होता.

संध्याकाळी मेव्हणी घरी आली, तेव्हा तो खाली मान घालून बसला होता.

“पहिलं वाक्य नीट बोललात, भावजी. मग पुढे कशाला गेलात?”

“सभा थंड पडली होती गं.”

“थंडच पडायला हवी होती!”

बायकोनं स्कूटरची किल्ली त्याच्या पुढ्यात आपटली. “उद्यापासून पाचला उठायचं. हिला घरून घ्यायचं, गेटवर सोडायचं. बोलायचं नाही.”

दोन दिवस त्यानं तसं केलं. बाकीच्या अकराजणींतल्या चौघींनी काम सोडलं. सातजणी अंधारात चालत निघू लागल्या. तिसऱ्या दिवशी पुलावर त्या पुढे चालताना दिसल्या. गेट सहाला बंद व्हायचं. त्याच्यानं राहवेना. वाऱ्यात मान मागे वळवून तो म्हणाला, “झालं ते वाईटच झालं. पण खरं सांग, शेवट जमला होता की नाही?”

“स्कूटर थांबवा.”

“अगं, उशीर होईल.”

“थांबवा म्हणते ना!”

ती उतरली. पदर खोचून जवळजवळ पळतच त्या सातजणींना जाऊन मिळाली. एकीनं न बोलता तिच्या हातातला डबा घेतला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याच्याकडे आठही जणींची पाठ होती.