दोन केग, एक सिलिंडर

पहिल्या केगचा नळ उघडला, तर ग्लासात नुसता फेस. दुसऱ्याचा उघडला, तर सरबतासारखी मिळमिळीत बिअर. माझे बॉस मिस्टर गोह हताश होऊन म्हणाले, "सेम बिअर, सेम सिलिंडर. यू गॅस मॅन, यू टेल मी!"

सिंगापूरमध्ये घरी बिअर करायला तेव्हा नुकतीच परवानगी मिळाली होती. मी तुआसच्या एका कारखान्यात गॅसच्या लाइन सांभाळायचो आणि गोह तिथले मॅनेजर. त्यांचे वडील बिअरच्या फॅक्टरीत राबून रिटायर झालेले. "बालदीत बिअर होत नसते," म्हणून मुलाची बिअर त्यांनी कधी तोंडाला लावली नव्हती. उद्या त्यांचा ऐंशीवा वाढदिवस होता आणि गोहनी पाहुण्यांना आपलीच बिअर पाजायचं कबूल केलं होतं. म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांच्या तोआ पायोहच्या फ्लॅटवर हजर.

केग म्हणजे स्टीलचं उभं पिंप. त्यात तयार बिअर भरून वरून कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो विरघळला की बिअरला बुडबुडे येतात. थंड बिअरला दाब कमी पुरतो, कोमट बिअरला जास्त लागतो. याचा तक्ता मिळतो आणि गोहनी तो फ्रिजवर चिकटवला होता.

"रेग्युलेटर खराब आहे," ते म्हणाले.

मी माझा दाब मोजायचा गेज लावला. रेग्युलेटर ठणठणीत होता.

"दोन्ही केग ठेवता कुठे?"

एक जुन्या फ्रिजमध्ये. तिथे दुसरा मावत नव्हता, म्हणून तो बेडरूममध्ये, एअरकॉनखाली. रोज झोपताना ते भिंतीवरच्या थर्मामीटरवर तापमान बघायचे.

"आणि दिवसा एअरकॉन?"

"दिवसा कशाला? नो वन इन द रूम, वेस्ट करंट!"

इथल्या घराघरातला हा नियम. रात्री खोलीतली हवा गार व्हायची, पण एवढं भरलेलं पिंप काय गार होणार? थर्मामीटर हवा मोजत होता, बिअर आपली सिंगापूरइतकीच कोमट. वर सिलिंडर एकच, म्हणून साहेबांनी तक्त्यातले फ्रिजचा आणि बेडरूमचा असे दोन दाब घेऊन त्यांची सरासरी लावलेली! फ्रिजमधल्या बिअरला गॅस फार झाला, बेडरूममधलीला पुरेना. मॅनेजरच तो, सरासरी काढल्याशिवाय राहतो कसा?

मी कोमट केगला सिलिंडर जोडला आणि गॅस मुरावा म्हणून केग मांडीवर आडवा घेऊन हलवला. गॅस जरासा सुरसुरला आणि गप्प झाला. या उकाड्यात बिअरच्या पोटात तो आणखी मावत नव्हता.

"मी बाटल्या मागवतो," गोह पडेल आवाजात म्हणाले. "पा म्हणतील, बघ, सांगितलं होतं."

"बाटल्या नको, बर्फ आणा."

ते मार्केटमधल्या मासेवाल्याकडून बर्फ घेऊन आले. कपडे धुवायच्या टबात आम्ही कोमट केग बर्फात गळ्यापर्यंत पुरला. तोवर फ्रिजमधल्या केगचा जादा गॅस मी थोडाथोडा सोडत राहिलो. संध्याकाळी गार केग बाहेर काढला, दाब सकाळपेक्षा बराच कमी ठेवला आणि हलवायला लागलो.

सुर्रर्र... आवाज थांबेचना.

तोच केग, तीच बिअर, दाब उलट कमी. तरी गॅस आत चाललेला, चाललेलाच. "वा लाऊ! व्हेअर इट ऑल गो?" गोह केगला कान लावून बसले. त्यांच्या शेजारी मीही लावला. हा नियम मी पुण्यात कॉलेजमध्ये घोकला होता, त्यावर मार्क मिळवले होते आणि पुढे वर्षानुवर्षं पगारही. पण गार द्रव तहानलेल्या माणसासारखा गॅस पितो, हे कानांनी ऐकलं त्या दिवशी. माझ्या अंगावर काटा आला. एवढी मोठी गोष्ट आणि आपण तिला कागदावरची एक ओळ समजत होतो!

रविवारी भरल्या घरात गोहनी वडिलांसमोर ग्लास ठेवला. म्हाताऱ्याने फेस निरखला, एक घोट घेतला, मग सावकाश अख्खा ग्लास संपवला. रिकामा ग्लास त्यांनी मुलापुढे सरकवला.

गोह तो भरायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी धडा घेतला तो एवढाच: नुसता दाब वाढवून काही मुरत नाही, आधी गार व्हावं लागतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये गोह तापून आमच्यावर कामाचा दाब वाढवायला लागले, तेव्हा हे त्यांना सांगावंसं फार वाटलं. पण ते माझे बॉस होते.