न झोडपलेली गादी

गादीकाकूंना माणसाची पाठ एकदा बघितली की पुरे. "डाव्या कुशीवर झोपता, आणि उशी दुमडून घेता," असं त्या दुकानात पाऊल टाकणाऱ्याला सांगून मोकळ्या होत. तो बिचारा चोरी पकडली गेल्यासारखा बायकोकडे बघत राही. चाळीस वर्षं त्यांनी कापसाच्या गाद्या भरल्या. नवरा गेला, तरी हातातला दाभण सुटला नाही आणि जिभेची धारही कमी झाली नाही. त्यांची गादी परत घेऊन आलेलं गिऱ्हाईक कोणी पाहिलं नव्हतं. आलं असतं तर तीच गादी डोक्यावर घेऊन, वर माफी मागून गेलं असतं.

अशा बाईंनी एक दिवस बेवारशी कुत्र्यांच्या संस्थेतून कुत्रा आणला. दुकानाला राखण हवी, असं सगळ्यांना सांगितलं. आता कापूस कोण मेला चोरतोय! खरी गोष्ट अशी की दुकान बंद झालं की मागच्या खोलीत बोलायला कोणी नसे, आणि एकटं बोललं की भावोजी लगेच डॉक्टरचं नाव काढत. भावोजी म्हणजे धाकटे दीर. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते सकाळीच येऊन दुकानातल्या फळीवर बसत आणि कामाला हात न लावता कामातल्या चुका काढत.

संस्थेची अट स्पष्ट होती. तीन आठवड्यांनी त्यांच्या बाई बघायला येणार. कुत्रा रुळला तर काकूंचा, नाहीतर परत. "दोन घरांतून परत आलाय," तिथल्या माणसानं सांगितलं. "तिसऱ्यांदा आला तर पुन्हा कुणाला देणार नाही. मग जन्मभर पिंजराच."

कुत्रा तांबूस होता. एक कान उभा, एक पडलेला. काकूंनी त्याला नाव दिलं नाही. कागद पक्के होईपर्यंत तो "पाहुणा".

पहिल्याच सकाळी त्यांनी टेप काढली आणि पाहुण्याचं नाकापासून शेपटीपर्यंत माप घेतलं. तो लाकडासारखा ताठ उभा राहिला. "बघा, किती शांत गिऱ्हाईक आहे," काकू म्हणाल्या, आणि हा 'लेकी बोले'चा टोला भावोजींना बरोबर कळला. दुपारपर्यंत खोळ शिवली, कापूस भरला, टाके घातले. मग वेताची छडी घेऊन गादी जी धोपटायला घेतली, ती कापूस कोपऱ्याकोपऱ्यांत सारखा बसेपर्यंत. हा त्यांचा नेम होता. झोडपल्याशिवाय गादी या दुकानाचा उंबरा ओलांडत नसे.

"या पाहुणे, आडवे व्हा," त्यांनी गादी अंथरून म्हटलं. पाहुणे शिवणयंत्राखाली इस्त्री केल्यासारखे सपाट झाले होते. तिथेच, गार फरशीवर झोपले.

काकूंच्या गादीला कोणी नाही म्हणतं म्हणजे काय! दुसरी गादी जास्त मऊ केली. तिसरी जाड. चौथीला तर कडेनं झालर लावली. प्रत्येक गादी आधीच्या गादीपेक्षा जास्त मन लावून झोडपली, आणि प्रत्येक वेळी पाहुणा यंत्राखाली आणखी आत सरकला. जेवायचा तोसुद्धा कोणी बघत नसेल तरच. म्हणून काकू आणि भावोजी भिंतीकडे तोंड करून चहा प्यायला लागले. गिऱ्हाइकांना वाटलं, दोघांचं बोलणं तुटलं. दोन जणींनी तर समेट करून द्यायची तयारी दाखवली.

असे सोळा दिवस गेले. काकू आता बोटांवर दिवस मोजत होत्या आणि रात्रीची झोप उडाली होती. गादीवाल्या बाईला झोप लागत नाही, हे काय कोणाला सांगायचं!

सतराव्या दिवशी त्या पाचवी गादी मांडीवर घेऊन शेवटचे टाके घालत होत्या. पाहुणा यंत्राखालून बाहेर आला. हळूहळू जवळ आला, गादी हुंगली, आणि पुढचे दोन पाय तिच्यावर ठेवले. काकूंनी श्वास रोखला. फळीवर भावोजींचा कप तोंडाशीच थांबला. पाहुणा गादीवर पुरता चढला आणि स्वतःभोवती एक गिरकी घेऊन बसायला लागला.

आणि काकूंचा हात, चाळीस वर्षांच्या सवयीनं, छडीकडे गेला. गादी अजून झोडपायची होती ना!

पाहुणा पोट घासत मागे सरकला. फरशीवर ओली रेघ उठली.

भावोजींनी कप खाली ठेवला. एरवी ते दिवसाला पन्नास चुका काढत, त्यातल्या एकोणपन्नास फुकटच्या असत. ही पन्नासावी होती. "लेकी बोले सुने लागे, वहिनी," ते हळूच म्हणाले. "मार गादीला, आणि लागतोय त्याला."

काकूंनी हात मागे घेतला. चार गाद्या. चारही त्याच्या डोळ्यांदेखत झोडपल्या, आणि मग त्यालाच म्हटलं, ये, झोप. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी फरशीसुद्धा स्वतःच पुसली आणि भावोजींना एक शब्द ऐकवला नाही.

पाचवी गादी झोडपलीच नाही. कापूस बोटांनी चाचपून सारखा करायचा प्रयत्न केला, पण तो काय ऐकतोय! जागोजागी गोळे राहिले. आणि गिऱ्हाइकांच्या गाद्या? त्या आता भावोजी खांद्यावर टाकून गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या मैदानात नेत आणि तिथे झोडपत. फुकट चहा पिणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर पहिल्यांदा घाम फुटला. "वहिनी, माझं वय झालंय," ते म्हणाले. "छडीचं झालेलं नाही," काकू म्हणाल्या.

एकोणिसाव्या दुपारी पाहुणा त्या गोळ्यांवर झोपला, आणि घोरलासुद्धा. एका जुन्या गिऱ्हाइकानं गादी दाबून पाहिली. "काकू, हात गेला वाटतं तुमचा?" इतर दिवशी त्याची धडगत नव्हती. काकू म्हणाल्या, "हळू बोला, झोपलाय."

एकविसाव्या दिवशी संस्थेच्या बाई आल्या. काखेत जाड फाईल, चेहरा परीक्षेच्या निकालासारखा. त्यांना बघताच पाहुणा यंत्राखाली.

"आत्ता इथे घोरत होता हो," काकू घाईनं म्हणाल्या.

"गल्लीला ऐकू जात होतं," भावोजींनी भर घातली.

"सगळे असंच सांगतात," बाई म्हणाल्या. त्यांनी गादी चाचपली. "ही तुम्ही केलीत? सगळे गोळेच आहेत."

"मीच केली," काकूंनी कबूल केलं. बाईंनी काहीतरी लिहिलं. काकूंना वाटलं, संपलं. त्या दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, कापसाच्या गठ्ठ्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याला नेताना जवळून बघवणार नव्हतं.

दुकानात बराच वेळ कोणाची हालचाल दिसली नाही, तेव्हा पाहुणा बाहेर आला आणि गादीवर बसला. बाई लिहीतच होत्या. एक माशी त्यांच्या नाकाभोवती फिरायला लागली. वैतागून त्यांनी फाईल उगारली.

पाहुणा उडालाच. यंत्र दोन पावलांवर होतं, दार उघडं होतं. तो सगळं दुकान ओलांडून धावत आला, काकूंच्या दोन्ही पायांमध्ये शिरला आणि तिथेच डोकं खुपसून थरथरत राहिला.

"हात खाली घ्या आधी," काकू कडाडल्या.

भावोजींनी डोळे मिटले. परीक्षकालाच दम! आता कसला कागद आणि कसलं काय.

बाईंनी हात खाली घेतला. कुत्र्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. "मागच्या दोन्ही घरांत," त्या म्हणाल्या, "घाबरला की हा दाराकडे पळायचा." आणि त्यांनी सही केली. "आता तुमची सही हवी."

काकू रडत होत्या. डोळ्यांत कापूस गेला वगैरे काही बहाणा त्यांनी केला नाही.

"कागद इकडेच आणा," त्या म्हणाल्या. "मला आत्ता हलता येणार नाही."