खुर्ची डॉक्टर

गुराचा पाय तपासताना आमच्या दूध सोसायटीचे डॉक्टर डोळे मिटून घेत. बोटं सांध्यावरून फिरायची आणि तोंडाने पुटपुटणं चालायचं, "कूर्चा ठीक हाय... कूर्चा कवळी हाय." कूर्चा म्हणजे सांध्यातलं मऊ, लवचिक हाड, हे आम्हाला काय ठाऊक! आमच्या चौसाळा गावच्या माणसाला एकच खुर्ची माहीत, चेअरमनची. म्हणून त्यांचं नाव पडलं खुर्ची डॉक्टर. तेही हसून ओ द्यायचे.

एका दुष्काळात आमचा एक बैल दगावला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऊसतोडीला जायचं होतं आणि गाडीला जोडी हवीच. त्यांनी हौश्याला जुपायचं ठरवलं. हौश्या माझा लाडका गोऱ्हा, अजून दुधाचे दातही न पडलेला. मी रडून घर डोक्यावर घेतलं.

ते कळून डॉक्टर घरी आले, बाजेवर बसले आणि खालचं विणलेलं सुंभ चाचपत म्हणाले, "अण्णा, कूर्चा आशीच इनलेली असती. कोलॅजन म्हनून बारीक धागे असत्यात. त्येंच्या जाळ्यात पानी धरलेलं ऱ्हातं, म्हनून सांधा वजन पेलतो. गोऱ्ह्याचं हाडबी कूर्चेतूनच वाढतं, अन् तितलं इनायचं काम अजून चालू हाय. बाज इनून व्हायच्या आदी कुनी तिच्यावर बसतं का?"

"गोऱ्ह्याचे गुडगे बगू का लेकरांची पोटं?" अण्णा म्हणाले.

एरवी तासभर बोलणारा हा माणूस चहाही न घेता उठला.

तिथून ते थेट सोसायटीत गेले. दूध आटल्यामुळे क्यानच्या गाडीचा बैल नुसता उभा होता. दारातूनच ते चेअरमनना म्हणाले, "सायेब, कूर्चा वाचवायची आसंल तर आत्ताच हालचाल करा. मागून काय उपेग न्हाई!" सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली. चेअरमनच्या कानावर कूर्चा पडली ती खुर्ची होऊनच. "काय पायजे तुमाला?" त्यांनी घाबरून विचारलं. डॉक्टरांनी हंगामापुरता बैल मागितला आणि तो लगेच मिळाला. खरं कळल्यावर चेअरमन फार चिडले, पण तोवर बैल उसाच्या फडात पोचला होता. ऐकण्यातल्या त्या चुकीसाठी मी जन्मभर चेअरमनची ऋणी आहे.

काही वर्षांनी डॉक्टर रिटायर झाले, तेव्हा त्यांचेच गुडघे कामातून गेले होते. "म्हातारपनी हे सुंभ पुन्यांदा इनता येत न्हाई," म्हणायचे. गाव सोडून निघाले त्या दिवशी एसटीच्या थांब्यापर्यंतही चालवेना, म्हणून अण्णांनी गाडी जुपली. जोडीत हौश्या होता, भरल्या अंगाचा. चढ आला तसे डॉक्टर कण्हत खाली उतरू लागले, बैलावरचं वजन कमी करायला.

अण्णांनी त्यांचा हात धरला.

"बसा, डॉक्टर. बाज कवाच इनून झाली."

डॉक्टर बसले. हौश्याने तो चढ एका दमात काढला.