तोफभावजी

ये गं सई, अशी जवळ बस. आणि तो मोबाईल ठेव बाजूला. काल आजोबांच्या तोफांना तू ‘खेळणी’ म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नाही.

तुझे आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, रंगवताना श्वास धरून बसायचे. रेघ संपली की मगच हुश्श. जन्मभर भोरच्या डेपोत एसटीवर हातभर अक्षरं रंगवली, आणि निवृत्त झाल्यावर धरल्या त्या बोटाएवढ्या तोफा! पुण्याची काही मंडळी टेबलावर डोंगर-नद्या मांडून, फासे टाकून जुन्या लढाया खेळतात. त्यांच्या संग्रहातल्या तोफा रंगायला आपल्याकडे यायच्या. माझं ऐकून सगळी आळी त्यांना तोफभावजी म्हणायला लागली.

चकचकीत तोफ त्यांना चालत नसे. वेल्ह्याची तांबडी माती वस्त्रगाळ करून चाकांना लावायचे. “वैनी, तोरण्यावर तोफ वडत न्हेली आन् चाकं कोरी? कोन इस्वास ठेवंल?”

शेवटच्या तोफखान्याच्या वेळी नजर पार अधू झाली होती. “एवढा पुरा होऊ दे, मग डोळे जाऊ देत खुशाल,” म्हणायचे. खंडेनवमीच्या सकाळी तो पुरा झाला. दसऱ्याला मंडळी न्यायला येणार होती. भावजी आंघोळीला गेले, आणि कोयत्या-विळ्यांची पूजा करता करता तुझ्या आजीनं मोठ्या तोफेलाही हळदकुंकू वाहिलं. हत्यारच ना ते! पण रंग ओला होता. कुंकू असं बसलं, की पुसावं तर रंगच निघेल.

“म्या वाटुळं केलं वो तुमचं!” आजी रडायलाच लागली. भावजींनी तोफ डोळ्याजवळ धरली. ती पुन्हा रंगवणं आता होणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मग म्हणाले, “रडतीस काय येडे? गडावरच्या तोफांना लोक शेंदूर फासत्यात. हिनंच काय घोडं मारलंय?”

दुसऱ्या दिवशी मंडळी आली, तेव्हा भावजींनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी तोफ बराच वेळ न्याहाळली. “पेंटर, हिला आता कुणाचा ब्रश लागू देणार नाही. अशीच लढेल, पहिल्या रांगेत.” भावजी काय ताठ बसले होते तेव्हा! स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढे ताठ नव्हते.

त्यानंतर ब्रश धरला नाही. गेल्या चैत्रात गेलेच. पण तोफखाना पुरा करून गेले, बाई.

उद्या निघालीस खरी, पण दिवाळीत ती मंडळी आपल्या ओसरीवर लढाई मांडणार आहेत. त्या तोफांमागं पेंटरच्या घरचं कुणीतरी उभं पाहिजे. फासे तू टाकायचे. रजा मिळत नाही म्हणू नकोस, लवकर ये.