डेल्फाचे निळे मासे

डेल्फा प्रुइट बायकांचं न्हाणीघर सांभाळायची. अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटात, गरम पाण्याच्या दोन झऱ्यांपाशी आमची ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घरांची वस्ती. सगळी गुडघे धरून आलेली म्हातारी मंडळी. पाण्यात उतरायचं तर अंगावर चिंधी नको, हा इथला नियम. कुणी शहरी बाई पोहण्याचा पोशाख घालून आली की डेल्फा दारातच अडवायची. "काढ ते, बाई. देवानं तुला काही वेगळं दिलंय, असं वाटतं का?" तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. माझीही नाही.

तिचा नवरा एमेट. खाणीत उभा जन्म घालवून संधिवातानं असा आखडला की हातात चमचा धरवेना. तेव्हा झऱ्यांचं पाणी उथळ, पसरट वाहायचं आणि न्हाणीघरात येईपर्यंत कोमट व्हायचं. डेल्फानंच पुरुषांच्या मागे लागून दोन्ही ओहोळ एका खोल, सरळ चरात आणवले. पाणी कढत येऊ लागलं. एमेट पुरुषांच्या बाजूला रोज तासभर त्यात बसायचा. वसंतात एके सकाळी त्यानं सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावल्या, तेव्हा ही बाई सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडली. मी म्हणते, कुठल्या बायकोनं दुसरं काही केलं असतं?

त्या उथळ पाण्यात बोटाच्या पेराएवढे मासे असत. वसंत आला की नर निळेभोर व्हायचे आणि तळहाताएवढ्या जागेसाठी भांडायचे. डेल्फाचा त्यांच्यावर फार जीव. चर झाल्यावर मासे पार खाली, लव्हाळ्यात गेले. तीही रोज संध्याकाळी मक्याच्या पावाचा चुरा घेऊन तिथवर जायची. पुढे पुढे निळे दिसेनात, नुसते करडे.

"रंग उडाला गं त्यांचा," ती पाण्यात बसून म्हणायची. "आपल्यासारखेच म्हातारे झाले."

"खाण्यापिण्यातही आपल्यावरच गेलेत," मी म्हणायचे, आणि आम्ही दोघी खो खो हसायचो.

मग एके वर्षी लिंडग्रेन नावाचे माशांचे अभ्यासक जाळं घेऊन आले. आमचा निळा मासा जगात दुसरीकडे कुठेच नाही, म्हणाले. वस्तीनं त्यांना डेल्फाकडे धाडलं. तिनं चर्चला जायची टोपी घातली आणि आम्हाला मिरवत लव्हाळ्यापाशी नेलं. चुरा टाकताच मासे झुंबडीनं वर आले. लिंडग्रेननी एक ओंजळीत धरून पाहिला आणि परत सोडला.

"बाई, हे ते नव्हेत."

"कसे नव्हेत? रोज मी खायला घालते त्यांना."

"हे डासांच्या अळ्या खाणारे मासे. कुणीतरी बाहेरून आणून सोडलेत. तुमच्या माशांची पिल्लं यांनीच खाल्ली असणार. आणि तसंही, चरातल्या इतक्या कढत, धावत्या पाण्यात तुमचे मासे टिकलेच नसते."

त्यांनी आठवडाभर डबकं न् डबकं पालथं घातलं. एकही सापडला नाही. डेल्फानं विचारलं, "चर बुजवला तर?"

"पाणी पसरेल, बाई. पण त्यात यायला आता कुणी उरलेलं नाही."

परतताना मी तिचा हात धरला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "एमेटचे हात तरी बरे झाले ना."

"झाले. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा खणवीन," ती म्हणाली. "तेच तर खातंय मला. आणि इतकी वर्षं मी भरवत कुणाला होते गं?"

मला वाईट वाटलं. तिच्याहून जास्त त्या माशांचं वाटलं. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

एमेट ट्रेलरच्या पायरीवर बटाटे सोलत बसला होता. "काय म्हणाले गं ते साहेब? आहेत ना आपले मासे?"

डेल्फानं त्याच्या हातांकडे पाहिलं.

"आहेत म्हणाले," ती म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.