शर्टाखाली दोन बनियन

आमच्या घराण्यात पुरुषांच्या अंगाला मांस लागत नाही. आजोबा तसे, वडील तसे आणि मीही तसाच काटकुळा. हैदराबादेत काचीगुड्याला आमच्या गल्लीत येणारा दूधवाला रोज हसत विचारायचा, "क्या मियाँ, घर में खाना नै देते क्या?" आईच्या ते जिव्हारी लागायचं आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी पडायची.

परदेशी मालाला देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. केबलवर पिळदार दंडांचे पुरुष दिसू लागले, दुकानांत परदेशी पावडरींचे डबे आले आणि आमच्या चौकात चारही भिंतींना आरसे लावलेली जिम निघाली. मी तिथं नाव घातलं. पहाटे उठून वजनं उचलली, दुधातून पावडर ढोसली, केळी तर इतकी खाल्ली की अजून केळ्याचा वास आला की मी तोंड फिरवतो. दंड मात्र ढिम्म. भूक लागू लागली, झोप गाढ येऊ लागली, सायकलवर अफझलगंजच्या लायब्ररीपर्यंत जाऊन आलो तरी थकवा जाणवेना. पण त्याचं मला काय कौतुक? आरशात तोच सापळा उभा होता.

अशात नल्लकुंट्याचं स्थळ आलं. आधीच्या दोन ठिकाणांहून 'मुलगा अशक्त वाटतो' असा निरोप आला होता. तो तिसऱ्यांदा ऐकायची माझ्यात खरोखर ताकद नव्हती. आईनं तोडगा काढला: आत दोन बनियन, वर जाड कापडाचा शर्ट. तिथला मे महिना होता, तरी मी मुकाट्यानं घातले.

त्यांच्या घरी माझ्यापुढे मिरची भज्यांची रास आली. मुलीच्या हातात नुसता बिनसाखरेचा चहा होता. ती अंगानं चांगली भरलेली, रुंद खांद्यांची होती आणि माझ्या ताटलीकडे बघायचं टाळत होती. मी घामानं निथळत होतो. तिच्या आईनं दोनदा पंखा वाढवला.

थोड्या वेळानं मोठ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं, सोबत तिचे काका दिले. घर तळमजल्यावर, गच्ची तीन जिने वर. दुसऱ्या जिन्यावर काकांना धाप लागली. तुम्ही व्हा पुढे, म्हणत ते पायरीवरच बसले.

वर पोचल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला दम नाही लागला."

"तुम्हालाही नाही."

मग ती सांगू लागली. ती रोज पहाटे विद्यानगरपर्यंत चालत जाऊन येते. आईनं तिचा भात बंद केलाय, तरी वजन तसूभर हललेलं नाही, कारण त्यांच्याकडच्या सगळ्या बायका याच अंगलटीच्या. मी जिमचं सांगितलं, केळ्यांचंही. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेलो, "आत दोन बनियन आहेत."

ती हसली नाही. "मग एक काढा ना. उकडून मराल."

"आणि तुम्ही?"

"मी भजी खाते."

खाली आल्यावर मी तोंड धुवायचं निमित्त करून न्हाणीघरात शिरलो. काढलेल्या बनियनचा बोळा पँटच्या खिशात कोंबून बाहेर आलो. शर्ट अंगावर लोंबत होता आणि खिसा टम्म फुगला होता. माझ्या आईचा चेहरा पडला. सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि मी मनातून पार घाबरलो होतो. तेवढ्यात त्या मुलीनं हात पुढे करून माझ्या ताटलीतलं एक भजं उचललं आणि स्वतःच्या आईसमोर शांतपणे खाल्लं. मग दुसरं उचललं. तिच्या आईनं डोळे वटारले. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाडांची लाज वाटली नाही. मीही एक भजं घेतलं.

निघताना दारात मी तिला हळूच विचारलं, सकाळी फिरायला किती वाजता निघता.

"साडेपाचला," ती म्हणाली. "एकच बनियन घालून या."